पतसंस्थेची दिवाळी भेट: ११५६ रुपयांचा हॅम्पर आणि ९४३ रुपयांचं फराळ

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड परिसरातली पगारदार नोकरांची एक सहकारी पतसंस्था. सभासद १८६, बहुतेक एकाच कारखान्यातले. दिवाळीला सभासदांना भेट द्यायची जुनी पद्धत. पूर्वी स्टीलचे डबे, मग चादरी, आणि गेली काही वर्षं सुक्या मेव्याचा हॅम्पर. २१ सप्टेंबर २०२५ ला वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि प्रत्येक सभासदामागे १००० रुपयांपर्यंत, म्हणजे एकूण १,८६,००० रुपये मंजूर झाले. खरेदीचं काम खजिनदार आणि दोन संचालिकांच्या उपसमितीकडे आलं. वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. त्याआधी वाटप उरकायचं, तर हातात साडेतीन आठवडे होते.

अडचण

मागच्या वर्षीच्याच पुरवठादाराने २४ सप्टेंबरला सॅम्पल आणून दिलं. चुंबकाच्या झाकणाची जाड पुठ्ठ्याची पेटी, आत सोनेरी ट्रे. छापील किंमत १८९९, संस्थेसाठी दर ९८०, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात पडेपर्यंत पेटी ११५६ रुपये ४० पैशांना. १८६ पेट्यांचे २,१५,०९० रुपये, मंजुरीपेक्षा २९ हजार जास्त. अध्यक्षांचं म्हणणं, घासाघीस करून हजारावर आणू आणि विषय संपवू. पुरवठादारही तयारच होता: "साहेब, तुमच्यासाठी बघतो काहीतरी. बॉक्स उघडल्यावर इम्प्रेशन पडतं ना."

इथे पहिला निर्णय झाला आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं. किंमत किती उतरते हे बघण्याआधी पेटीत किती रुपयांचं खाणं आहे ते मोजायचं. नाहीतर १८९९ चे हजार झाले म्हणजे निम्म्यात मिळालं, असंच वाटत राहतं. छापील किंमत किती ठेवावी याला अशा मालात वरची मर्यादा नाही. त्यामुळे तिच्यावरून मिळालेली सूट हा आकडा कशाचंच माप नव्हे.

सॅम्पल उघडल्यावर

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घेऊन एका संचालिकेने पेटी टेबलावर रिकामी केली. भरलेली पेटी १६१० ग्रॅम. आतल्या मालाचं वजन आणि जवळच्या तीन किराणा दुकानांचा सरासरी किरकोळ दर लावून आलेली किंमत अशी:

काजू ९२ ग्रॅम, ७५ रुपये
बदाम ९६ ग्रॅम, ८३ रुपये
मनुका ९४ ग्रॅम, ४५ रुपये
खारे पिस्ते ४७ ग्रॅम, ५५ रुपये
चॉकलेट ९० ग्रॅम, ८५ रुपये
सोनपापडी २५० ग्रॅम, ७० रुपये
चिवडा १५० ग्रॅम, ५० रुपये

खाण्याचा माल ८१९ ग्रॅम, किंमत ४६३ रुपये. उरलेल्या ७९१ ग्रॅममध्ये चार प्लास्टिकच्या बरण्या, एक रूम फ्रेशनर, दोन मेणाच्या पणत्या, आणि पेटी, ट्रे, कागदाच्या झिरमिळ्या मिळून ४६१ ग्रॅम. तशी पेटी घाऊकमध्ये साधारण १२० रुपयांना पडते असं पॅकेजिंगवाल्याकडून कळलं. म्हणजे आतल्या कुठल्याही एका जिनसापेक्षा पुठ्ठा महाग.

काजू, बदाम आणि मनुकेच्या बरण्या १०० ग्रॅमच्या सांगितल्या होत्या, पण चारांपैकी एकीवरही निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना किंवा पॅक करणाऱ्याचा पत्ता नव्हता. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम २०११ प्रमाणे किरकोळ विक्रीच्या पाकिटावर हे सगळं हवं. आता किलोपेक्षा कमी मालावर प्रति ग्रॅम किंमतही छापावी लागते. तुलना करायला तोच आकडा सगळ्यात उपयोगी, आणि हॅम्परमध्ये नेमका तोच गायब असतो. सोनपापडी नामांकित कंपनीची, सीलबंद, वजन बरोबर. कमी भरल्या त्या फक्त पुरवठादाराने स्वतः भरलेल्या बरण्या.

काजूची परीक्षा मात्र काट्यावर होत नाही, ती मोजून होते. अख्ख्या काजूचा नंबर म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, बसणारे जास्तीत जास्त दाणे. २४० नंबर असेल तर १०० ग्रॅममध्ये ४८ ते ५३ दाणे, ३२० नंबरचे ६६ ते ७०, आणि ४५० नंबरचे ८८ ते ९९. सॅम्पलच्या ९२ ग्रॅममध्ये ८६ दाणे निघाले, म्हणजे शंभराला ९३. दरपत्रकात लिहिलं होतं '२४० नंबर प्रीमियम', हातात होता ४५० नंबर. त्या आठवड्यात या दोन नंबरांत किलोमागे २०० रुपयांचा फरक होता. बरणीतून बघताना हे कळत नाही, कारण शेजारी मोठा दाणा ठेवायला कोणी जात नाही.

आता १८ टक्क्यांचं कोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम-पिस्ते, चॉकलेट, पाकीटबंद नमकीन ५ टक्क्यांवर आले, मिठाई आणि काजू आधीपासूनच ५ वर होते. मग पेटीला १८ का? संस्थेच्या हिशेब तपासनिसांनी खुलासा केला. वेगवेगळ्या करदराच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, तर आतल्या सर्वांत चढ्या दराच्या वस्तूचा कर अख्ख्या पेटीला लागतो. इथे ती वस्तू होती ६० रुपयांचं रूम फ्रेशनर. ते काढून पेटीत फक्त खाण्याचा माल ठेवला, तर ९८० वरचा कर १७६ वरून ४९ वर येतो. ६० रुपयांच्या वस्तूपायी १२७ रुपयांचा कर! आणि भेट म्हणून वाटलेल्या मालावर कराची वजावटही मिळत नाही, त्यामुळे तो सरळ खर्चच.

पुरवठादाराची बाजूही बघायला हवी. खाणं ४६३, फ्रेशनर आणि पणत्या ८०, पेटी १२०, बरण्या ४८, भरणावळ १५. बेरीज ७२६. खरेदी घाऊक असल्याने त्याला हे आणखी स्वस्त पडत असणार. पण गोदाम, उधारी, फुटतूट, घरपोच टेम्पो हे त्याच्याच अंगावर. किलोमागे ठरलेला माल विकणाऱ्या किराणावाल्याला इतकी फट मिळत नाही, एवढंच. खरा आक्षेप काजूच्या नंबरवर आणि वजनावर होता.

पर्याय

तपासाचे आकडे ऐकवल्यावर पुरवठादार खाली आला: फ्रेशनर-पणत्या काढून ८८० अधिक ५ टक्के, म्हणजे ९२४. काजू ३२० नंबरचा हवा असेल तर वर तीस रुपये. मंजुरीत बसत होतं आणि कुणालाच हात हलवावा लागणार नव्हता. अध्यक्ष याच बाजूचे होते.

रोख रक्कम खात्यात टाका, असं काही सभासद दरवर्षी म्हणतात. सभेचा ठराव 'भेटवस्तू' असा असल्याने तो विषय पाच मिनिटांत मिटला. मॉलच्या व्हाउचरचंही तेच झालं. मुदत, किमान खरेदीची अट, आणि निम्मे सभासद त्या मॉलपासून वीस किलोमीटरवर.

तिसरा पर्याय नुसत्या सुक्या मेव्याचा. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार (धान्य-किराणा) विभागातून एक किलो माल साध्या खोक्यात: ३२० नंबर काजू ४००, बदाम ४००, मनुका २०० ग्रॅम. घाऊक दर काजू ८७०, बदाम ८००, मनुका ४३०. करासह ७९२, खोकं ३५, एकूण ८२७ रुपये. हिशेबात सगळ्यात सरळ.

चौथा, महिला बचत गटाकडून फराळ. एका संचालिकेच्या ओळखीचा नऊ जणींचा गट होता, अन्नसुरक्षेची चौदा आकडी नोंदणी असलेला. ही नोंदणी मागून घ्यावीच, आणि पावतीवरही तो क्रमांक हवा. गटाने दर दिले: साजूक तुपातला बेसन लाडू ६००, पातळ पोह्यांचा चिवडा ३२०, भाजणीची चकली ४८० रुपये किलो. दुकानात लाडू ६८० आणि चिवडा ३३० ला होता. लाडू-चिवड्याचा वाजवी दर काय, याला पुण्यात आणखी एक चांगला मापदंड आहे. दि पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संघटना दरवर्षी दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. तो भाव दुसरीकडे पदरात पडेलच असं नाही, पण कच्चा माल आणि मजुरी मिळून लाडू कितीला बसतो याचा अंदाज येतो.

खजिनदारांना लाडू ५२० ला हवा होता. संचालिकेने कागद पुढे ओढून किलोचा हिशेब मांडला. बेसन ४०० ग्रॅम ४४ रुपये, तूप २२० ग्रॅम १५८, पिठीसाखर ३५० ग्रॅम १८, वेलदोडा-बेदाणे ११, गॅस आणि बाकी किरकोळ २५. झाले २५६. ६०० च्या दरात मजुरीला ३४४ उरतात. ९३ किलो लाडवांना नऊ जणींचे चार दिवस धरले, तर एकीला रोजचे सुमारे ८९० रुपये. "काका, यातून आणखी काय काढणार?" दर ६०० च राहिला. घासाघीस कुठे थांबवायची हे असा हिशेब मांडल्यावरच कळतं. त्याखाली खेचलं की समोरचा तुपात हात आखडता घेतो आणि अर्धा डालडा घालून मोकळा होतो.

निर्णय

उपसमितीने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केला. सुका मेवा अर्धा किलो (काजू २००, बदाम २००, मनुका १०० ग्रॅम), बेसन लाडू अर्धा किलो, चिवडा अर्धा किलो. अंदाज ९१७ रुपये.

चकली सगळ्यांना हवी होती, तरी वगळली. अर्धा किलोप्रमाणे ९३ किलो म्हणजे जवळपास चार हजार चकल्या. गटाकडे दोन सोऱ्या आणि दिवसाला बारा किलोची ताकद. आठ दिवस चकलीतच गेले असते. शिवाय खोक्यात ती मोडते आणि झाकण सैल राहिलं की दोन दिवसांत मऊ पडते.

अध्यक्षांचा आक्षेप गैर नव्हता: "पॅकिंग कोण करणार, आणि माल खराब निघाला तर तोंड कोण देणार?" ठरलं असं, की पॅकिंगला अकरा सभासद दोन संध्याकाळी येतील, आणि व्यापारी व गट दोघांकडूनही मंजूर नमुना सीलबंद करून संस्थेत ठेवला जाईल.

अंमलबजावणी

मेव्याची ऑर्डर दसऱ्याआधी, ३० सप्टेंबरला दिली आणि दर पावतीवर लिहून घेतला. ११ ऑक्टोबरला त्याच गाळ्यावर ३२० नंबर काजू ९०५ झाला होता. काजू दहा किलोच्या डब्यात येतो. लागणार होता ३७.२ किलो, घेतले चार डबे. मनुकेची पेटी पंधरा किलोची. दोन घेतल्या तर ११ किलो उरणार, म्हणून एक पेटी आणि वरचे चार किलो सुटे, किरकोळ दराने. घाऊक खरेदीत हा पॅकचा आकार आधी विचारायचा आणि मग माणशी ग्रॅम ठरवायचे. उलटं केलं की उरलेला माल गळ्यात पडतो.

माल ९ ऑक्टोबरला आला. चारही डबे उघडून प्रत्येकातले १०० ग्रॅम मोजले. तीन डब्यांत ६७ ते ७० दाणे, चौथ्यात ७८. म्हणजे त्यात बारीक माल मिसळलेला. व्यापाऱ्याला फोन गेला, सीलबंद नमुना दाखवला, आणि डबा त्याच संध्याकाळी बदलून मिळाला. काजू हातात घेऊन मोडूनही बघितला. ताजा टचकन तुटतो, जुना दबतो आणि जिभेवर खवट लागतो.

गटाकडे गडबड झाली ती तुपात. ९३ किलो लाडवांना किलोमागे २२० ग्रॅमने साडेवीस किलो तूप हवं. गटाने एक लिटरच्या २१ पिशव्या घेतल्या. पण लिटरभर तूप भरतं साधारण ९०५ ते ९१० ग्रॅम, त्यामुळे हातात आलं १९ किलोच्या आसपास. पहिले तीन दिवस नेहमीच्या मापाने गेले. चौथ्या दिवशी किलोमागे जेमतेम १६० ग्रॅम उरलं आणि लाडू वळेनात, वळले ते भेगाळले. साखर आधीच मिसळलेली, त्यामुळे मिश्रण पुन्हा कढईत टाकता येईना, साखर पाझरून सगळं चिकट झालं असतं. शेवटी दोन लिटर तूप आणून ते पातळ होईपर्यंत कोमट केलं, परातीत थोडं थोडं सोडून मळलं आणि लाडू वळले. दर बदलला नाही, खर्च गटाने सोसला. ऑर्डरच्या कागदावर तुपाचं वजन किलोत लिहिलेलं असतं तर हे टळलं असतं.

चिवडा गार होऊन दुसऱ्या दिवशीच पिशव्यांत भरला, कारण कोमट भरला की वाफ धरते आणि पोहे चिवट होतात. फसलं ते खोक्याचं माप. खोकी वजनावरून मागवली होती, १० बाय ८ बाय साडेतीन इंच. दीड किलो माल त्यात सहज बसेल असा हिशेब. पण पातळ पोह्यांचा अर्धा किलो चिवडा एकटाच जवळपास खोकंभर होतो. दाबला तर भुगा. शेवटी लाडू-मेवा खोक्यात, चिवड्याची पिशवी वेगळी, आणि दोन्हीला मिळून कापडी पिशवी. त्या पिशवीचे नगाला ९ रुपये वाढले.

प्रत्येक खोक्यात जिन्नस, निव्वळ वजन, लाडू केल्याची तारीख आणि 'पंधरा दिवसांत संपवावे' अशी चिठ्ठी ठेवली. वाटप १४ आणि १५ ऑक्टोबरला, पहिली आणि दुसरी पाळी सुटताना.

निष्पत्ती

सुका मेवा करासह ७६,८२८.५०, फराळ ८५,५६०, खोकी-डबे-पिशव्या १०,६०२, टेम्पो २,४००. एकूण १,७५,३९०.५०, म्हणजे सभासदामागे ९४३ रुपये. मंजुरीतले १०,६०९.५० शिल्लक राहिले, आणि उरलेला पावणेतीन किलो काजू सभासदांनीच खरेदीच्या दराने उचलला. या दीड किलो खाण्यालाही दुकानातले किरकोळ दर लावले तर ९०९ रुपये होतात. हॅम्परमध्ये ११५६ रुपयांत ४६३ रुपयांचं खाणं होतं.

प्रतिक्रिया सगळ्या गोड नव्हत्या. "मागच्या वर्षी बॉक्स भारी होता, पाहुण्यांसमोर ठेवता यायचा," असं काहींनी बोलून दाखवलं. मधुमेह असलेल्या सभासदांनी लाडवाऐवजी मेवा का नाही, असं विचारलं. त्याचं उत्तर उपसमितीकडे नव्हतं. रात्रपाळीच्या काही जणांची खोकी तीन दिवस संस्थेच्या कपाटात पडून राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

अकरा जणांची दोन संध्याकाळची मेहनत या ९४३ मध्ये धरलेली नाही. नगाला वीस रुपये मजुरी लावली तर ३,७२० वाढतात. तरी आकडा हजाराच्या आत राहतो, पण हिशेबात तो दिसायला हवा होता. पुढच्या वर्षी माणसं मिळाली नाहीत तर पैसे द्यावे लागतील.

मार्केट यार्डाची फेरी सगळ्यांना परवडेल असं नाही. या प्रकरणात घाऊक आणि किरकोळ दरातला फरक एका खोक्यामागे २७ रुपये होता: काजूत १०, बदामात १२, मनुकेत ५. टेम्पोचे २,४०० रुपये वसूल व्हायलाच ८९ खोकी लागतात. वीस-पंचवीस जणांचं ऑफिस किंवा छोटी सोसायटी असेल तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून सुटा माल वजन करून घ्यावा. काजू मोजावा, आणि मिठाई घेताना आधी रिकाम्या खोक्याचं वजन काट्यावरून वजा करून मागावं. पुठ्ठ्यासह वजन करणं बेकायदा आहे. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हॅम्परच हवा, वेळच नाही, अशी वेळ येतेच. तेव्हा पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रत्येक जिनसाचं निव्वळ वजन, काजूचा नंबर, आणि कोणत्या वस्तूमुळे किती टक्के कर लागतोय. या संस्थेत पहिल्याच दरपत्रकाला हे प्रश्न गेले असते, तर सॅम्पल उघडायच्या आधीच ९८० चे ८८० झाले असते. उपसमितीतल्या एका संचालिकेचं आजही मत आहे, की ३२० नंबरच्या अटीवर ती सुधारित पेटीही वाईट सौदा नव्हती.

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे सभेनंतर पाचेक आठवडे मिळतील. गटाला ऑर्डर सप्टेंबरअखेर, तुपाच्या पंधरा किलोच्या डब्यांसाठी आगाऊ रक्कम, खोक्याचं माप चिवडा भरून बघितल्यावरच, आणि सभासदांकडून 'लाडू की मेवा' अशी निवड वर्गणीच्या पावतीसोबत लिहून घेणं, एवढं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. चकलीचा विषय गटाने तिसरा सोऱ्या घेतला तर पुन्हा काढायचा आहे.